बाबा नावाचं फोल्डर

कोलशेतच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पंप बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या तळमजल्यावर, कॅन्टीनच्या भिंतीला लागून, एक बिनखिडकीची खोली आहे. आत दोन एसी चोवीस तास घरघरत असतात आणि लोखंडी कपाटात सर्व्हर असतात. दाराबाहेरच्या टेबलावर आसावरी बसते. कंपनीतल्या सातशे माणसांची मेल ज्या यंत्रावरून येते-जाते, ते यंत्र गेली चौदा वर्षं तिने सांभाळलं आहे. मेल चालू असते तेव्हा आसावरी कोण हे कोणाला ठाऊक नसतं. मेल दहा मिनिटं बंद पडली की सातशेच्या सातशे जणांना तिचा नंबर तोंडपाठ असतो.

त्या सोमवारी सकाळी मेलची डिस्क चौऱ्याण्णव टक्के भरली होती. शंभर झाले की मेल थांबणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आसावरी गेलं वर्षभर नव्या डिस्कसाठी अर्ज करत होती. अर्ज वर जायचा आणि वरच राहायचा. लोक मात्र मजेत होते. सेल्सवाले वीस-वीस एमबीचे कॅटलॉग एकमेकांना पाठवत होते, आणि स्टोअर्समधले एक गृहस्थ रोज सकाळी सगळ्या कंपनीला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात घालत होते. सातशे गुलाब, रोज. आसावरीला त्या गुलाबाचा इतका राग यायचा की डोंबिवलीच्या घरातल्या कुंडीकडेही ती धड बघत नसे.

तिचा साहेब चिराग भोईर तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. इथल्याच, कोलशेत गावातल्या कोळीवाड्यातला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला सगळं एका पानात लागायचं.

"मॅडम, डिस्कचं विसरा," तो म्हणाला. "बजेट नाय. त्यापेक्षा फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू करा ना. अर्धी जागा वाचते म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"मी वाचलेलं कुठेतरी. तुम्ही टेस्ट करा ना. फायदा किती, तोटा किती. शुक्रवारी द्या, एका पानात. मला वर दाखवायचंय."

"चिराग, मेल ही काही रद्दी नाही दाबून ठेवायला."

"म्हणून तर टेस्ट करा बोलतोय," तो म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे आसावरीने आजवर पन्नास जणांना समजावलं असेल. यादी लिहिताना तोच मजकूर पुन्हा आला की आपण खाली 'वरीलप्रमाणे' लिहितो, तेवढंच ते. जे एकदा लिहिलंय ते परत लिहायचं नाही, नुसती खूण करायची. ज्यात तेच ते पुन्हा येतं ते दाबून एवढंसं होतं. ज्यात प्रत्येक ओळ नवी, ते दबत नाही. मेलच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येतं. नोटिसा, सह्या, प्रत्येक मेलखालचं ते आठ ओळींचं कायदेशीर पुराण, हे सगळं छान दबतं. डिस्कवरून कमी वाचावं लागतं, म्हणून वेगही वाढतो. उलट कॅटलॉग आणि फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांच्यावर प्रोसेसरचा घाम फुकट जातो. आणि दाबलेल्या मजकुराचा एखादा ठोकळा खराब झाला तर त्यातलं सगळंच जातं. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी आकडे हवे होते, कारण वर आकडेच चालतात.

तिने महिनाअखेरच्या बॅकअपची एक प्रत जुन्या यंत्रावर उतरवली, कॉम्प्रेशन चालू केलं आणि जेवायला गेली. परत आली तेव्हा यादी तयार होती. प्रत्येक फोल्डर आधी केवढं होतं, आता केवढं झालं. एचआर साठ टक्के वाचलं. परचेस पन्नास. सेल्स जेमतेम चार, ते कॅटलॉगच्या कृपेने. सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. फक्त यादीच्या तळाशी एक फोल्डर होतं, ज्याचं एक अक्षरसुद्धा वाचलं नव्हतं. ते जेवढं होतं तेवढंच राहिलं होतं. फोल्डर तिचंच होतं, आणि त्याचं नाव होतं 'बाबा'.

या फोल्डरची गोष्ट सांगायला हवी.

आसावरीचे वडील हरिहर टिपणीस वर्तकनगरला एकटे राहायचे. वय ब्याऐंशी. ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला, ताठ मानेचा, शब्द तोलून बोलणारा माणूस. मोबाइल त्यांना आवडत नसे. लँडलाइन होती, पण ऑफिसच्या वेळात मुलीला फोन करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी आसावरी डोंबिवलीला राहायला गेली, तेव्हा दोघांनी मिळून तोडगा काढला. रोज सकाळी दहाच्या सुमारास बाबा तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल टाकायचे. मजकूर ठरलेला.

'चि. आसावरीस, चहा झाला. गोळी घेतली. पोट साफ. काळजी नसावी. बाबा.'

पहिले दोन-तीन महिने तिने ती रोज वाचली. मग मजकूर काही बदलत नाही हे लक्षात आल्यावर तिने तिच्या धंद्याला शोभेल असं केलं. सर्व्हरवर नियम लावला. बाबांची मेल आली की आपोआप वाचलेली समजायची आणि 'बाबा' फोल्डरमध्ये टाकायची. अकरा वाजेपर्यंत आली नाही, तर तिच्या फोनवर मोठा गजर वाजवायचा. बाप ठीक आहे की नाही हे बघायला तिने यंत्र बसवलं होतं आणि त्याचं तिला कौतुकही होतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही नियम चालूच राहिला. अकरा वर्षांत गजर एकदाही झाला नव्हता. कंपनीची बस तिला रोज माणकोलीच्या पुलावरून ठाण्यात आणायची, बाबांच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. पण मुलाचं, नीलचं, बारावीचं वर्ष होतं, घर होतं, डिस्क होती. ती महिना-महिना जात नसे. मेल येतेय ना, मग झालं.

तर अशा चार हजारांवर मेल, सगळ्या एकाच मजकुराच्या. दाबल्या तर मुठीत मावायला हव्या होत्या. आणि यंत्र म्हणत होतं, यातली एकही दबत नाही.

"बग आहे," आसावरी स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली.

मंगळवारी तिने प्रत पुन्हा उतरवली. तेच. बुधवारी दुसरी पद्धत वापरली, मग तिसरी. तेच. छोट्या फायली एकेकट्या दबत नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून वरचे पत्ते, तारखा, वेळा सगळं कापून टाकून नुसता मजकूर एका लांबलचक फायलीत गोळा केला. चार हजार वेळा 'चहा झाला', चार हजार वेळा 'काळजी नसावी'. ती फाइलही दबली नाही. मग चिडून तिने तोच मजकूर स्वतः टाइप केला, चार हजार वेळा चिकटवला आणि दाबला. तो डोळ्यांदेखत एवढासा झाला. दोन फायली शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघितलं. यंत्राने सांगितलं, फरक नाही. दाबायला गेलं की तेच यंत्र सांगायचं, फरकच फरक आहे.

तिच्या हाताखाली सोनल नावाची मुलगी होती. हुशार, पण गप्प बसणं जमत नसे.

"मॅडम, हे फोटोसारखं वागतंय," सोनल म्हणाली. "म्हणजे प्रत्येक मेलमध्ये काहीतरी नवीनच असल्यासारखं."

"काय नवीन? पोट साफ?"

सोनल हसली. आसावरी हसली नाही. तीन दिवस गेले होते, रिपोर्टचं पान कोरं होतं, आणि चिराग येता-जाता डोकावत होता. बुधवारी संध्याकाळी तो थांबलाच.

"मॅडम, सातशे लोकांचं झालं, एका फोल्डरसाठी काय अडून बसलात? उडवा ना ते. चार हजार सेम मेल. आणि खरं सांगू, पर्सनल मेल ऑफिसच्या सर्व्हरवर अलाउड पण नाय."

"ते उडवून प्रश्न सुटत नाही. जे का होतंय ते मला कळत नाही, ते मी सातशे लोकांच्या मेलवर लावणार नाही."

"वर असं सांगू? की आमच्या मॅडमच्या पप्पांचे मेल दबत नाहीत, म्हणून थांबलोय?"

तिने संतापाने पडदा बंद केला आणि पर्स उचलली. घरी जाताना बसमध्येही तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. चिराग चुकीचा नव्हता, आणि म्हणून जास्त राग येत होता.

गुरुवारी सोनलने एक छोटा प्रोग्रॅम लिहून आणला. अकरा वर्षांच्या मेल पहिल्यापासून एकेक करून घालायच्या, आणि प्रत्येक नव्या मेलमुळे जागा किती वाढली ते मोजायचं. म्हणजे त्या दिवशीच्या मेलमध्ये आधी कधी न आलेलं असं किती आहे, हे कळलं असतं. प्रत्येक दिवसाची एक उभी पट्टी.

पट्ट्या पडद्यावर उगवल्या. आसावरीला वाटलं होतं की सगळ्या सारख्याच निघतील. त्या सारख्या नव्हत्या. काही दिवस बुटके होते, काही उंच. रविवार बहुतेक बुटके. गणपतीचे दिवस दर वर्षी थोडे उंच. ती बघत राहिली. एका वर्षीच्या मे महिन्यात पाच पट्ट्या एकदम ठेंगण्या होत्या. त्या पाच दिवसांत ती नीलला घेऊन बाबांकडे राहायला गेली होती, आणि बाबांनी तेव्हाही, तिच्यासमोर बसून, हट्टाने मेल टाकल्या होत्या.

मग तिला ती पट्टी दिसली. सात वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, एकोणीस तारीख. आजूबाजूच्या पट्ट्यांच्या चौपट उंच.

तिने ती मेल उघडली. चहा झाला. गोळी घेतली. पोट साफ. काळजी नसावी.

तारीख ओळखीची वाटत होती, पण कशाची ते आठवेना. जेवण झाल्यावर ते आठवलं आणि तिने डबा तसाच बंद केला. आईच्या रिपोर्टवरची तारीख होती ती. बाबांनी तो रिपोर्ट त्या सकाळी लवकर जाऊन एकट्याने आणला होता, वाचला होता, आणि मुलीला दिवाळी होईपर्यंत सांगितला नव्हता. तिला दिवाळीनंतर कळलं. यंत्राला मात्र त्याच दिवशी सकाळी दहाला कळलं होतं.

"मॅडम, काय झालं?" सोनलने विचारलं.

"काही नाही. योगायोग."

तिने हे शांतपणे म्हटलं, पण माऊसवरचा हात तिने काढून घेतला. योगायोग म्हणावं तर म्हणता येतं, आणि तिला तसंच म्हणायचं होतं. चार हजार पट्ट्यांत एखादी कुठल्यातरी वाईट दिवशी पडणारच. तरी त्या दुपारी तिने आणखी काही तारखा बघितल्या. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. बाबांचा शेजारी आणि बुद्धिबळातला जोडीदार वारला त्या दिवशीची. सगळ्या उंच निघाल्या. मग तिने बघणं बंद केलं. अकरा वर्षं हा माणूस रोज काहीतरी पाठवत होता आणि आपण ते न उघडता बाजूला सारत होतो, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. रविवारी नक्की जायचं, असं तिने ठरवलं.

शुक्रवार उजाडला. चिरागला अगदी ताजे आकडे हवे होते, महिनाअखेरचे नकोत. म्हणून तिने सकाळी साडेदहाला आजच्या मेलची नवी प्रत घेतली आणि सगळ्या चाचण्या पुन्हा लावल्या. एकूण बचत अडतीस टक्के. एक पान लिहून झालं. शिफारस: जुन्या मेलवर चालू करावे, चालू मेलवर आणखी तीन महिने बघावे. कॅटलॉगबद्दल चार कडक ओळी आणि गुलाबाबद्दल एक.

पाठवण्याआधी तिने सोनलचा तक्ता एकदा शेवटचा उघडला. त्यात आता महिनाअखेरनंतरचे दिवसही आले होते. ती सरकत सरकत उजव्या टोकाला गेली.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारची पट्टी पडद्याच्या वर निघून गेली होती. सात वर्षांपूर्वीचा तो सप्टेंबर तिच्यापुढे काहीच नव्हता.

आणि त्यानंतर पट्ट्याच नव्हत्या.

"प्रोग्रॅम अडकला वाटतं," सोनल म्हणाली.

अडकला नव्हता. मागच्या गुरुवारपासून आजपर्यंत नऊ मेल आल्या होत्या. नऊही जागेवर होत्या. आजची तर प्रत घेण्याच्या अर्धा तास आधी आलेली. मजकूर तोच. फक्त त्यांनी जागा घेतली नव्हती. जेमतेम एका खुणेपुरती, आसावरीने स्वतः टाइप करून चिकटवलेल्या मजकुराला लागली होती तेवढी. आठवडाभर ती ज्या दोषामागे धावत होती, तो गेल्या नऊ दिवसांपासून नव्हताच. बाबांच्या मेल आता नियमाप्रमाणे वागत होत्या. पहिल्या मेलनंतर वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं.

तिने वेळा बघितल्या. अकरा वर्षं बाबांची मेल कधी दहाला पाच कमी, कधी दहा वाजून बारा मिनिटं, अशी यायची. गेले नऊ दिवस दहाला. सेकंदासकट दहाला.

"शेड्यूल लावलं असेल कोणीतरी," सोनल म्हणाली. "आजकाल येतं सगळ्यांना."

बाबांना येत नव्हतं. आसावरीने फोन उचलला आणि नंबर लावण्याआधी आलेल्या कॉलच्या यादीत मागे गेली, का ते तिचं तिलाच कळलं नाही. मागचा बुधवार. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. वर्तकनगरच्या लँडलाइनवरून आलेला एक मिस्ड कॉल. ती तेव्हा डिस्कच्याच मीटिंगमध्ये होती. नंतर करते, असं म्हणाली होती आणि राहून गेलं होतं. ऑफिसच्या वेळात बाबांनी केलेला अकरा वर्षांतला तो एकमेव फोन होता.

तिने नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

"हॅलो," बाबा म्हणाले.

"बाबा, मी आसावरी. बरे आहात ना?"

"बरा आहे."

"त्या बुधवारी तुम्ही फोन केला होतात. मला घेता आला नाही. काही काम होतं का?"

"विशेष काही नाही."

आवाज त्यांचाच होता, स्वच्छ आणि सावकाश. तिने इकडचं-तिकडचं विचारलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. ऑफिसच्या वेळात फोन का केलास, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. तिने फोन ठेवला, पर्स घेतली, आणि चिरागला रिपोर्ट न पाठवता बाहेर पडली.

रिक्षा कापूरबावडीला अडकली तेव्हा ती रिक्षावाल्यावर उगाचच ओरडली. त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. ऊन कडक होतं. वर्तकनगरला बाबांच्या शेजारच्या दोन इमारती पाडून झाल्या होत्या, तिथे पत्रे लावले होते आणि आत क्रेन चालली होती. तिला हे माहीतच नव्हतं. आपण शेवटचं कधी आलो होतो, हे ती जिना चढताना मोजायला लागली आणि दुसऱ्या मजल्यावर तिने मोजणं सोडून दिलं.

दार आवडाबाईंनी उघडलं. या बाई सकाळी उशिरा येऊन बाबांचं जेवण करून जात. हात पिठाचे होते.

"अगोबाई, ताई! बरं झालं आल्यात."

"बाबा?"

"हायत की. बसल्यात."

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. मांडीवर पेपर. तिला बघून हसले. ती दारातच उभी राहिली, आणि आपण किती मूर्ख आहोत असं वाटून तिला रडूच यायला लागलं. माणूस समोर आहे, हसतोय, आणि आपण पट्ट्या मोजतोय.

"ये," बाबा म्हणाले.

ती समोर बसली. चेहरा छान होता, तुकतुकीत. गेल्या खेपेपेक्षा तरतरीतच वाटत होते. नील कसा आहे, असं बाबांनी विचारलं. तिने सांगितलं की अभ्यास करत नाही. एरवी यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं.

"छान," बाबा म्हणाले.

"बाहेर किती आवाज करतायत हो ते. त्रास होत असेल."

"नाही. छान आहे."

टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर होता, कापड घालून झाकलेला. "मेल रोज तुम्हीच टाकता ना बाबा?"

"हो."

"कोणी शिकवलं का काही नवीन?"

"नाही."

तिने त्यांच्या हातातला पेपर सहज बघितला. आजचाच होता. बाबा पान उलटत नव्हते.

"बाबा, त्या बुधवारी काय झालं होतं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "काळजी नसावी."

हे शब्द ते लिहायचे. बोलताना ते कधी असं बोलत नसत. बोलताना ते म्हणायचे, तुला तेवढंच काम आहे का.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आवडाबाई पोळ्या झाकून ठेवत होत्या.

"आवडाबाई, बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायत." बाईंनी बाहेर एकदा बघून घेतलं. "पण ताई, हल्ली काय बोलत नाय ओ. पहिलं पोळी जरा कडक झाली की ताट सारायचे. आता परवा माझ्याकडनं करपली, तरी छान हाय बोलले. भाजीत मीठ नव्हतं, तरी छान हाय."

"कधीपासून?"

"झाले की आठ-दहा दिस." त्यांनी पुन्हा बाहेर बघितलं. "तुमी आल्यात म्हणून सांगते. तो सलूनवाला मारुती येतो ना घरी, दाढीला? बुधवारी नि रविवारी. त्या बुधवारी करून गेला. दुपारचं जेवण करून मी निघाले, तवा तो साबण लावत होता नि साहेब फोन कानाला लावून बसलेले. मंग रविवारी आला, तर हात फिरवून बघितला नि तसाच गेला. ह्या बुधवारी परत आला नि परत गेला. मला बोलला, मावशे, काढू काय? काय वाढलंच नाय."

"म्हणजे?"

"आता मला काय म्हायती," आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेतली आणि चपला घालून त्या जिना उतरल्या. रोजच्यापेक्षा जरा घाईत उतरल्या.

आसावरी बाहेर आली.

बाबा तसेच बसले होते. पेपर तसाच.

"बाबा."

त्यांनी वर बघितलं आणि हसले.

ती त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली. वडिलांना हात लावून कित्येक वर्षं झाली होती. नमस्कारापुरता पायाला, एवढंच. तिने तळहात त्यांच्या गालावर ठेवला. गाल गुळगुळीत होता. कोमट होता. बाबांनी मान हलवली नाही. ती हात हळूहळू मागे नेत गेली, जबड्यावरून, कानापर्यंत.

कानाच्या पाळीमागे बोटांना काहीतरी मऊ लागलं.

तिने हात उजेडात धरला. दाढीच्या साबणाचा फेस होता, बोराएवढा, त्या बुधवारी मारुतीकडून पुसायचा राहिलेला.

तो ओला होता, आणि त्यातले बारीक बुडबुडे अजून एकेक करून फुटत होते.